दाराचा दिवा

"हां, मारा! अजून जोरात मारा!" थोरले दीर स्टिअरिंगवरून ओरडत होते. मागे जाऊबाई, दुकानातला कामगार आणि बिचारा सहज रस्त्याने चाललेला पोस्टमन, असे तिघे मिळून जुन्या गाडीला धक्का मारत होते. गाडीने दोन आचके दिले, काळा धूर सोडला आणि वळणावर जाऊन गप्प उभी राहिली.

रस्त्याच्या अलीकडे, पत्र्याच्या टपरीपुढे बसलेल्या धाकटीने चहाचा घोट घेतला. इतका गोड चहा तिला कित्येक वर्षांत लागला नव्हता.

गेले काही दिवस हा तमाशा रोज सकाळी चालला होता. गाड्यांच्या वायरिंगचं दुकान चालवणाऱ्या माणसाची स्वतःचीच गाडी धक्क्याशिवाय हलत नाही, याहून मोठी शोभा ती काय? रात्री बॅटरी भरलेली असायची आणि सकाळी ठणठणीत रिकामी. दिरांनी नवी बॅटरी घातली. डायनॅमो उतरवला, उघडला, परत चढवला. बॅटरी उतरायची ती उतरतच राहिली. समोरचा शिंपी येता-जाता विचारायचा, "काय, आज पायी की गाडीने?" दिरांचा चेहरा एवढासा व्हायचा आणि धाकटीच्या मनात उकळ्या फुटायच्या.

ते दुकान एकेकाळी दोन्ही भावांचं होतं. धाकटी नवऱ्याला डबा द्यायला जायची, ती हळूहळू तिथेच रमली. आधी दिवा धरायला लागली, मग पकड हातात आली, आणि पुढे पुढे तर डॅशबोर्डच्या मागे जिथे पुरुषाचा पंजा शिरत नाही तिथली गाठ तिनेच बांधायची. ही गाडी नवऱ्याने सांगाडा म्हणून आणली होती. तिच्यातली एकूण एक वायर दोघांनी मिळून ओढली.

नवरा गेला आणि दिरांनी भर दुकानात, गिऱ्हाइकांसमोर, वाटणी सांगून टाकली. दुकान त्यांचं, गाडीही त्यांचीच. हिला मिळाली रस्त्यापलीकडची, जुने टायर टाकायची टपरी. ती भांडायला उभी राहिली तेव्हा ते हसून म्हणाले, "हिला काय कळतंय? आयुष्यभर दिवाच तर धरलाय हिनं."

दुकान गेल्याचं दुःख तिने गिळलं. गाडीचंही गिळलं. ते वाक्य मात्र घशाखाली उतरलं नाही. टपरीत तिने आपलं काम मांडलं, गिऱ्हाइकं जोडली, पण रोज सकाळी समोरचं शटर वर जाताना पाहिलं की ते वाक्य पुन्हा कानात वाजायचं. ह्या माणसाने एक दिवस रस्ता ओलांडून आपल्यापुढे यावं आणि चारचौघांत शब्द मागे घ्यावा, एवढं एकच तिला हवं होतं.

आणि आता तर तिच्या हातात हुकमाचं पान होतं. गाडीत काय बिघडलंय ते तिला पहिल्याच संध्याकाळी कळलं होतं.

गाडी उभी असायची ती तोंड दिरांच्या दुकानाकडे आणि पाठ हिच्या टपरीकडे करून. अंधारून आलं की डिकीच्या झाकणाच्या फटीतून पिवळी रेघ दिसायची, दोऱ्याएवढी. झाकण लावलं तरी आतला दिवा विझत नव्हता. खटका अडकला असणार. तेवढा दिवा रात्रभर बसून बॅटरी पिऊन टाकत होता. दिरांना ते दिसणं शक्यच नव्हतं. त्यांनी हिला जिथे हाकललं होतं, फक्त तिथूनच ते दिसत होतं.

धाकटी गप्प बसली. अगदी मजेत गप्प बसली.

एके दुपारी जाऊबाई आल्या. "अगं, ह्यांनी पाठवलं नाही हं, मीच आले. एकदा नजर टाक ना. धक्का मारून मारून कंबर गेली माझी."

"ताई, तुमच्याबद्दल वाईट वाटतं," धाकटी म्हणाली, "पण ज्यांची गाडी त्यांनी यावं."

दुसऱ्या दिवशी दीर आले. रस्ता ओलांडताना पायातल्या चपलांकडे बघत आले. शिंपी मशीन थांबवून बाहेर आला. पोस्टमनने सायकल उभी केली.

"धाकटे, जरा बघतेस का?"

"मी काय बघणार भाऊजी? मी दिवा धरणारी."

"बघ म्हणतोय ना."

"बघते की." ती टपरीतला दिवा घेऊन त्यांच्यामागे पलीकडे गाडीपाशी गेली. "पण बॉनेटखाली दिसत नाही मला. दिवा कोण धरेल?"

तिने हातातला दिवा पुढे केला. शिंपी फिसकन हसला. दिरांनी दिवा घेतला आणि बॉनेटखाली धरला. धाकटीच्या अंगावर मूठभर मांस चढलं.

तिने घाई केली नाही. बॅटरीची एक तार सोडली, मध्ये मीटर लावला. सगळं बंद असताना काटा शून्यावर हवा, तो वर चढून बसला होता. "काहीतरी करंट खातंय," ती उगाच मोठ्याने म्हणाली. मग दार उघडून पेटीतला एकेक फ्यूज काढायला लागली. "जरा डावीकडे, भाऊजी. हात हलतोय तुमचा." दिवा निमूट डावीकडे सरकला.

एक फ्यूज निघाला आणि काटा धपकन खाली आला. दिरांनीही पाहिलं.

"तो सोड," ते म्हणाले. "तो दाराचा दिवा. दार उघडंय ना, म्हणून लागलाय. तेवढं धरायचं नाही."

इथेच चुकत होते तर! दाराचा आणि डिकीचा, दोन्ही दिवे त्या एकाच फ्यूजवर होते. खरा चोर दरवेळी हाती सापडत होता आणि हे त्याला ओळखीचा म्हणून सोडून देत होते. धाकटीला हसू आवरेना. तिने फ्यूज परत बसवला.

आता सापळा. तिने तो आठवडाभर घोळवून ठेवला होता. आधी एक धडधडीत खोटं सांगायचं. ते नेहमीसारखे उसळतील, "हॅट्, तुला काय कळतंय!" म्हणतील. मग सगळ्यांना मागे न्यायचं, डिकी उघडायची आणि त्यांचाच हात त्या दिव्याला लावायचा. चटका बसला की त्यांना कळेल, कोणाला काय कळतंय ते.

ती हात पुसत उभी राहिली. "सगळी वायरिंग आतून सडलीय, भाऊजी. एखादी तार नाही, सगळीच. ह्या गाडीत आता राम राहिला नाही."

शिंपी पुढे सरकला. धाकटी त्या एका वाक्याची वाट बघत होती.

दिरांनी दिवा विझवून तिच्या हातात दिला. "तू म्हणतेस म्हणजे तसंच असणार," ते म्हणाले. मग शिंप्याकडे वळून म्हणाले, "धाकट्याहून हिचा हात चांगला होता. मला तेव्हाही माहीत होतं. बोललो नाही, ती माझी खोड."

त्यांनी गाडीच्या टपावर हात ठेवला, काढला आणि दुकानात निघून गेले.

इतकी वर्षं जे ऐकायला धाकटी टपरीत बसली होती, ते मिळालं होतं. आता खरं सांगायचं, तर मिळालेलं सगळं परत करावं लागणार होतं. आज नको, तिने मनाशी ठरवलं. उद्या सांगू. आणखी दोन ठिकाणी दाखवल्याशिवाय हा माणूस गाडी मोडीत काढतो थोडाच!

सकाळी ती आली तेव्हा भंगारवाल्याचा ट्रक उभा होता आणि गाडीला साखळी बांधून झाली होती.

"भाऊजी, एकदा दुसऱ्या कुणाला तरी..."

"कशाला?" दीर म्हणाले. "तू बघितलंस ना?" भंगारवाल्याला त्यांनी अभिमानाने सांगितलं, "आमच्या मिस्त्रीणबाईंनी बघितलंय. विषय संपला."

जाऊबाईंनी डोळ्याला पदर लावला. धाकटीने तोंड उघडलं, आणि तेवढ्यात शिंप्याने तिला नमस्कार केला, पहिल्यांदाच, मान लववून. तिने तोंड मिटलं. नवऱ्याबरोबर ओढलेल्या साऱ्या वायरी तिच्या डोळ्यांदेखत वळणावरून दिसेनाशा झाल्या. तिला स्वतःची इतकी घृणा कधी आली नव्हती.

दुपारी एक गिऱ्हाईक आलं. "पलीकडच्यांनी पाठवलंय. म्हणाले, बाई सांगतील ते डोळे मिटून करा."

तिने बॉनेट उघडलं. साधंच होतं, सेल्फची तार ढिली झाली होती. तिने सांगितलं.

"बरं, करून टाका," गिऱ्हाईक म्हणालं आणि सावलीत जाऊन उभं राहिलं.

धाकटीने पाना उचलला, परत खाली ठेवला. "इकडे या," ती म्हणाली.

"कशाला बाई? तुम्ही बघितलंत ना?"

"या म्हणते ना."

तिने त्याचं मनगट धरलं, बोट आत नेऊन तारेवर टेकवलं. "हलवून बघा. हलतेय?"

"हो, हलतेय की."

"नीट बघा."

"हलतेय हो बाई!"

"मग करते," ती म्हणाली, आणि खाली वाकली.