पोत्यांच्या गाठी

जव्हारला राजे होऊन गेले, साहेब आले आणि बदलून गेले. पण ज्याच्यावाचून या पठारावरच्या चुली थंड पडतील असा माणूस एकच, तो म्हणजे देवराम गिरणीवाला. हे मत खुद्द देवरामचंच होतं. गेल्या एकतीस वर्षांत त्याला कुणी विरोध केला नव्हता, कारण गिरणीच्या आवाजात ते कुणाला ऐकूच गेलं नव्हतं.

गिरणी डेपोमागच्या उतारावर होती. पुढे भात भरडायचं यंत्र, त्याला लागून पिठाची चक्की, आणि मागच्या दोन खोल्यांत देवरामचा संसार. तोही ओरडूनच चालायचा. बायको पुष्पा लग्न होऊन आली तेव्हा हळू बोलायची म्हणे. आता ती मीठ मागायची तरी समोरचा शिंपी मशीन थांबवून बघायचा.

दिवाळी सरली की गिरणीला ऊत येई. जामसर, वांगणी, कुठून कुठून माणसं भाताची पोती घेऊन सकाळी जीपने उतरत, पोतं टाकत, आणि बाजाराला, दवाखान्याला, आदिवासी प्रकल्प कार्यालयाला जात. दुपारी येऊन तांदूळ नेत. पोत्यावर नाव नसे, नंबर नसे. ज्याच्या त्याच्या घरची गाठ असे. कुणी लुगड्याच्या काठाने बांधी, कुणी वाखाच्या दोरीने, कुणी सायकलच्या ट्यूबने, तर कुणी सलाइनच्या नळीने. भरडून झालं की तांदूळ त्याच पोत्यात भरायचा आणि तीच गाठ तशीच घालायची. गिऱ्हाईक दारात उभं राहिलं की देवराम ढिगाकडे बघे, बोट करी आणि म्हणे, "ते तुझं." एकदाही चुकला नव्हता.

पोत्याला दुसऱ्या कुणी हात लावायचा नाही, हा नियम त्याच्या वडिलांचा. त्यांच्या काळात एकदा दोन घरांची पोती बदलली. एकाचा सुवासिक तांदूळ दुसऱ्याने खाल्ला, आणि ती घरं पुढे अकरा वर्षं एकमेकांच्या लग्नाला गेली नाहीत. तेव्हापासून पोतं गिरणीमालकाच्या हातूनच. वडील गेले, नियम राहिला, आणि नियमासोबत देवरामही राहिला.

त्या नियमापायी मुलीचं, हर्षदाचं, एकही गॅदरिंग त्याने पाहिलं नाही. तिच्या साखरपुड्याला तो पोहोचला तेव्हा मांडववाले खुर्च्या उचलत होते. लग्न तेवढं त्याने हट्ट धरून मे महिन्यात केलं, कारण मे महिन्यात भात नसतं. पण नातू काही गिरणी बघून जन्माला येत नाही. तो नेमका हंगामात झाला, नाशिकला. पुष्पा महिनाभर आधीच तिकडे गेली होती.

"बारसं बुधवारी आहे, पप्पा," हर्षदा फोनवर म्हणाली. "संध्याकाळी पाच वाजता."

"बुधवारी?" देवराम सवयीने ओरडला. "बुधवारी गर्दी असते गं."

"तुमच्याकडे गर्दी कधी नसते?"

"येतो म्हटलं ना."

"बरं."

"बरं काय? नाही आलो तर रागावशील?"

"नाही हो," ती म्हणाली. "तेवढं तुमच्याकडून शिकलेय. कुणी येणार म्हटलं की मी एक ताट कमीच धरते."

मग पुष्पाने फोन घेतला. "अहो, ऐका. नाव आत्या ठेवेल, पाळणा मी हलवीन, जेवण आचारी करील. तुम्हाला नुसतं उभं राहायचंय. एवढं तरी जमेल का?"

देवरामने ठरवलं, या वेळी जायचंच. नाही गेलो तर ती मुलगी पुन्हा बोलावणार नाही, हे त्याला त्या 'बरं'मध्येच कळलं होतं.

राहता राहिला जिवा. जिवा बावीस वर्षं यंत्र चालवत होता. पट्टा तुटला तरी तो घाबरत नसे आणि पगार वाढवला तरी हसत नसे. मंगळवारी देवरामने त्याला ढिगापुढे बसवलं आणि गाठी शिकवायला घेतल्या.

"ही बघ. निळा काठ, दोन वेढे. कोणाची?"

"ज्याची आहे त्याची."

"अरे, नाव सांग!"

"येईल तो सांगील नाव."

"आणि खोटं सांगितलं तर?"

जिवा उठून उभा राहिला. "शेट, तू जा. गाडी चुकंल."

"गाडी उद्या आहे."

"मग उद्या जा."

बुधवारी सकाळी दहाच्या बसला देवराम खिडकीशी बसला. अंगात मुलीच्या लग्नातला सफारी, मांडीवर पिशवी, पिशवीत बाळाचं चांदीचं वाळं. बस सुटली तशी त्याच्या कानात शांतता शिरली आणि ती त्याला सोसेना. गिरणीत असताना मनात विचार आला तरी ऐकू येत नसे. इथे एकेक लख्ख ऐकू येऊ लागला.

पहिला विचार नातवाचा आला. दुसरा, सलाइनच्या नळीचा.

सलाइनच्या नळीची पोती दोन होती! एक जामसरच्या धोंडीबाईचं, एक वांगणीच्या पंढरीचं. धोंडीबाईची गाठ डावीकडे वळते, पंढरीची उजवीकडे. हे जिवाला सांगायचं राहून गेलं होतं. धोंडीबाईचा तांदूळ बारीक, पंढरीचा लाल आणि जाड. देवरामला डोळ्यांपुढे दोन गावं दिसू लागली, हातात काठ्या, मध्ये जिवा.

त्याने फोन लावला. जिवा उचलेना. कसा उचलील? यंत्र चालू असताना त्याला फोन ऐकू येत नाही, आणि यंत्र बंद असलं की तो जेवायला बसतो. देवरामने सतरा वेळा फोन लावला. शेजारच्या म्हाताऱ्याने विचारलं, "कोणी आजारी आहे का?"

"गिरणी आहे माझी," देवराम म्हणाला.

"असं का," म्हातारा म्हणाला आणि त्याने सहानुभूतीने आपली पिशवी सरकवून घेतली.

मोखाड्याला बस थांबली. कंडक्टर चहाला उतरला. देवराम पाय मोकळे करायला म्हणून उतरला, आणि उतरताना पिशवी बरोबर घेतली. तेव्हाच त्याला कळायला हवं होतं. स्टँडवर तो उभा राहिला. नाशिककडे तोंड केलं की जव्हार मागे ओढे, जव्हारकडे केलं की नाशिक. कंडक्टरने दोनदा घंटी मारली. "काका, चढताय का?"

"तुम्ही व्हा पुढं," देवराम म्हणाला. जणू मागून धावत गाठणार होता.

परतीची बस तासाभराने मिळाली आणि घाटात पंक्चर झाली. तीन वाजता देवराम धापा टाकत गिरणीत शिरला. यंत्र बंद होतं. जिवा भाकरी खात होता. ढीग नव्हता. फरशी झाडून स्वच्छ केलेली होती.

"पोती कुठे गेली?"

"नेली."

"कोणी?"

"ज्यांची होती त्यांनी."

दारात धोंडीबाई कोंड्याचं बोचकं डोक्यावर घ्यायच्या बेतात होती. देवराम तिच्यावर धावलाच. "धोंडीबाई, पोतं तुझंच नेलंस ना? नळीचं? डाव्या गाठीचं?"

"माझाच ना," धोंडीबाई म्हणाली. "पुतण्याने पुढं नेला."

"कशावरून तुझंच? ओळखून कोणी दिलं?"

धोंडीबाईने बोचकं पुन्हा खाली ठेवलं. "माझ्या घरचा भात, माझ्या हातची गाठ. मना कोण वळखून देईल रं?"

"मग इतकी वर्षं मी देत होतो ते?"

"तू हात लावू देत नव्हतास," ती म्हणाली. "आम्ही म्हणू, शेटाला आवड आहे. देऊ दे."

जिवाने भाकरीचा तुकडा मोडला.

देवरामने नाशिकला फोन लावला. मागे बायका हसत होत्या, भांडी वाजत होती. पुष्पाने विचारलं, "कुठपर्यंत आलात?"

"गिरणीत," तो म्हणाला. पहिल्यांदाच त्याला ओरडावं लागलं नाही. पलीकडे फोन ठेवल्याचा आवाज आला.

पाच वाजेपर्यंत नाशिकला पोचवील अशी गाडी आता नव्हती. त्या दिवशी गिरणीतून एकसष्ट पोती गेली. एकही चुकलं नाही.