मावशीच्या हातगाडीवरचा डबा

मी डबा बोलतोय. गोल, झाकणाचा, कडेला एक पोचा असलेला. जन्मानं मी परदेशी, तरी मराठी बोलतो. शिकलो एका वेल्डरचं बोलणं ऐकून. गाडीपाशी जेवताना तो आईला फोन लावायचा, तोही स्पीकरवर. त्यामुळे माझ्या बोलण्यात त्या माउलीचा ठसका जरा जास्तच!

माझी मालकीण कारखान्याच्या फाटकासमोर हातगाडीवर जेवण विकते. भात, रस्सा, उकडलेली अंडी. गिऱ्हाइकांना कागदी ताटल्या. मी मात्र तिच्या स्वतःच्या जेवणाचा.

हा वेल्डर नवाच आला होता. तिथल्या भाषेच्या नावानं शंख. बोटानं दाखवायचा आणि तिला ‘मावशी’ म्हणायचा. अर्थ तिला कळत नव्हता, पण ओ द्यायची. तो अंडं मागायच्या आत वाढायची. त्या परमुलखात त्याला ओळखणारं तेवढं एकच माणूस. आईला त्यानं सांगितलं होतं, “महिनाभर बघतो. करमलं तर राहतो, नाहीतर येतो परत.”

एके दिवशी त्याला उशीर झाला. ताटल्या संपलेल्या. मावशीनं सरळ माझ्यात भात-रस्सा घालून मला त्याच्या हातात दिलं. स्वतः पातेल्यातूनच जेवली.

खोलीवर त्यानं मला घासून लख्ख केलं. मग थबकला. शेजारणीचा डबा रिकामा परत द्यायचा नाही, हे त्याच्या घरचं वळण. फळीवर होती फक्त साखर. तीच मूठभर घातली आणि दुसऱ्या दिवशी मोठ्या हौसेनं मला परत केलं.

मावशीनं झाकण उघडलं आणि भडकली. “माझ्या रश्श्यात साखर कमी पडते होय? इतकी वर्षं लोक बोटं चाटून खातात, आणि हा आलाय मला शिकवायला!”

त्याला शब्द कळले नाहीत, चेहरा कळला. बिचारा न जेवताच गेला. मी काय करणार? मला तोंड आहे, पण ते नुसतं उघडझाप करायला.

मग तो समोरच्या कट्ट्यावर बसून बिस्किटं खाऊ लागला. इकडे मावशी त्याच्यासाठी एक अंडं बाजूला ठेवायची. “रागवायचं मी, आणि रुसून बसलाय तो!” असं पुटपुटायची. साखर मात्र तिनं फेकली नाही. माझ्यात तशीच होती.

शेवटी त्यानं कट्ट्यावरूनच आईला फोन केला, नेहमीसारखा स्पीकरवर. “येतो मी परत.”

“अरे वेड्या, मूठभर साखरेपायी? ने फोन तिच्यापाशी. मी बोलते.”

“आई, तिला मराठी येत नाही.”

“मग मला तरी तिची भाषा कुठे येते? जा म्हणते ना!”

आला बापडा, मान खाली घालून. फोनवर आई दिसली, हातात वाटी. वाटी उपडी करून तिनं जोरजोरात मान हलवली: असं द्यायचं नाही! मग मूठभर शेंगदाणे घातले, वाटी पुढे केली आणि हसली. पुन्हा उपडी, पुन्हा शेंगदाणे. तोंडानं मराठीचा पट्टा चालूच. मावशी आधी तिच्याकडे बघत राहिली, मग माझ्याकडे. एकदम कपाळावर हात मारला आणि माझ्यातली चिमूटभर साखर तोंडात टाकली. त्या दुपारी त्याच्या पानात दोन अंडी पडली.

महिना कधीच उलटला. परतीचा विषय त्यानं काढलेला नाही.

परवा हातगाडीचं चाक मोडलं, ते त्यानं वेल्डिंग करून दिलं. मावशीनं मला त्याच्या हातात दिलं आणि खुणेनं सांगितलं: सुट्टीच्या दिवशी घरी ये, जेवायला.

त्यानं लगेच फोन लावला. “आई, मला जेवायला बोलावलंय.”

तिकडून नुसता नाक ओढल्याचा आवाज.

“ऐकू येतंय ना?”

“येतंय रे. इतक्या लांब माझ्या लेकाला कुणीतरी घरी बोलावलं! जा. लाजू नकोस, पोटभर जेव.”

आज तो इस्त्रीचा शर्ट घालून निघालाय आणि मी त्याच्या काखेत. तुमच्याकडेही कुणाचा डबा पडून असेल, तर तेवढा देऊन या बरं. आम्हाला घराची ओढ असते हो.

चला, येतो मी. ती बघा, मावशी दारातच उभी आहे.