दह्याचा चमचा

आरोही बायोमेडिकल इंजिनिअरिंग शिकायला इटलीला चालली आहे हे कळलं, तेव्हा फ्रीमाँटच्या मराठी मंडळींना आधी हसू आलं आणि मग काळजी वाटली. स्टॅनफर्ड गाडीने अर्ध्या तासावर असताना ही मुलगी पिझ्झ्याच्या देशात जाऊन काय दिवे लावणार? शेजारच्या शरयूने तर तोंडावरच विचारलं, "इटलीला इंजिनिअरिंग? म्हणजे फॅशनचं काहीतरी का गं?"

शोभनामावशी हसली नाही. कुतूहल हा तिचा जुना आजार होता. डॉक्टर म्हणून सगळी हयात तिने मायक्रोस्कोपला डोळा लावून लोकांच्या पेशी बघितल्या होत्या, आणि निवृत्त झाल्यावरही 'हे असं का?' म्हटल्याशिवाय तिला घास गिळत नसे. आरोही तिच्या धाकट्या बहिणीची, रेखाची मुलगी. रेखा राहायची दूर, देशाच्या दुसऱ्या टोकाला अ‍ॅशबर्नला, त्यामुळे कॉलेजची चार वर्षं पोरीने मावशीच्याच घरी काढली होती. ती इटलीला का चालली आहे हे घरात कोणी बोलून दाखवत नसलं तरी सगळ्यांना ठाऊक होतं. तिथल्या प्रयोगशाळेत कृत्रिम हातावर काम चालायचं. आणि फ्रीवेवरच्या अपघातात मावशीचा उजवा हात कोपराखालून तुटला होता.

निघायच्या दिवशी मात्र गडबड झाली. घरातून कोणी लांबच्या प्रवासाला निघालं की त्याच्या हातावर चमचाभर दही ठेवायचं आणि ते उजव्या हाताने द्यायचं, हे मावशीच्या अंगात मुरलेलं. आरोहीने हसत तळवा पुढे केला. मावशीने डाव्या हाताने चमचा उचलला, परत वाटीत ठेवला आणि 'आलेच' म्हणून बाथरूममध्ये गेली. गाडी सुरू झाल्याचा आवाज येईपर्यंत ती बाहेर आलीच नाही. पोरगी दह्याशिवाय गेली. मावशीला ते इतकं लागलं की पुढे वर्षभर तिने घरात दही विरजलं नाही. नरेंद्र, म्हणजे तिचे यजमान, दुकानातलं आणून मुकाट्याने खात राहिले.

दोन हजार सातच्या डिसेंबरात आरोही सुट्टीला आली ती एक काळी पेटी घेऊन. पेटीत हात होता. पाच बोटं, राखाडी रबराचं आवरण, आत मोटरी. मावशीच्या मापाचा सॉकेट, म्हणजे हात अडकवायची खोबण, इथल्या तज्ज्ञाकडून आधीच करून घेतला होता. कोपराखाली उरलेल्या हाताचे स्नायू आवळले की मूठ मिटायची, सैल सोडले की उघडायची.

"आणि हा पट्टा बघ, हाच माझा थीसिस," आरोही मावशीच्या दंडावर काळी पट्टी बांधत म्हणाली. "बोटांना प्रेशर कळतं, ते पट्टा व्हायब्रेट करून तुला सांगणार. घट्ट धरलंस की जास्त, हलकं धरलंस की कमी. जाणवतंय?"

"जाणवतंय की!" मावशी म्हणाली, आणि लहान मुलीसारखी हसली.

वरच्या मजल्यावरच्या आरोहीच्या खोलीत सराव सुरू झाला. कागदी पेले, उकडलेली अंडी, शेवटी कच्चं अंडं. मावशी डोळे मिटून अंडं उचलायची आणि वाटीत अलगद ठेवायची. मधल्या वेळात तिचे प्रश्न चालूच. तिकडे शिकवतात कसं? परीक्षा कशी असते?

"बऱ्याचशा तोंडी असतात गं. प्रोफेसर समोर, मागे बाकीची मुलं बसून ऐकतात. फळ्यावर सगळं डिराइव्ह करायचं. आणि गंमत म्हणजे, मार्क आवडले नाहीत तर नाकारता येतात."

"नाकारता? म्हणजे?"

"म्हणजे थँक यू म्हणायचं, अजून अभ्यास करायचा आणि पुढच्या वेळी परत बसायचं. त्यात कोणाला लाज वाटत नाही. मी सिग्नल्सच्या पेपरला नाकारले होते."

मावशी बराच वेळ त्याच्यावर विचार करत राहिली. पुण्यात शिकताना तिला दोन मार्क कमी पडले होते, तर वडील आठवडाभर जेवणाच्या ताटावर बोलले नव्हते.

तिच्या मनात काय आहे ते आरोहीला न सांगताच कळलं होतं. परत जायच्या दिवशी उजव्या हाताने दही द्यायचं. हात तीनच आठवड्यांच्या बोलीवर आणलेला, पेटी आरोहीबरोबर परत जाणार. म्हणजे जमलं तर आत्ता, नाहीतर परत डाव्या हाताचीच पंचाईत. मावशीने गुपचूप दही विरजलं.

आणि स्वयंपाकघरात पाऊल ठेवल्यावर सगळं बिघडलं.

चमचा वाकला. वाटी निसटली. वरच्या खोलीत डोळे मिटून उचललं जाणारं अंडं खाली ओट्यापाशी फटकन फुटलं आणि पिवळा बलक बाहीवरून कोपरापर्यंत ओघळला. दुसऱ्या दिवशी तेच. तिसऱ्या दिवशी नरेंद्रांनी फडकं हातात घेऊनच उभं राहायला सुरुवात केली.

"तू टेन्शन घेतेस मावशी," आरोही म्हणाली.

"टेन्शन जिन्यावरून खाली आल्यावरच येतं का गं?" मावशी कडाडली. तिला राग हाताचा नव्हता, कारण सापडत नाही याचा होता. तिने तोच चमचा वर नेला. जमलं. तीच खुर्ची खाली आणली. नाही जमलं. ओट्याची उंची, दिवा, हाताला लागलेलं पाणी, सगळे संशयित तिने एकेक करून सोडून दिले. असे दिवस गेले आणि निघायची सकाळ उजाडली.

बॅगा दारात होत्या. प्रवासात खायला म्हणून नरेंद्र बटाट्याची भाजी फोडणीला टाकत होते, आणि डोक्यावर एक्झॉस्ट फॅन घोंगावत होता. तो या घरात स्वयंपाकघरात माणूस असेपर्यंत चालायचाच. फोडणीचा वास कार्पेटने धरला की आठवडाभर सोडत नाही, असं नरेंद्रांचं ठाम मत होतं.

आरोहीने तळवा पुढे केला. मावशीने चमचा धरला आणि तो दह्यात खुपसून उचलताना बोटं अशी आवळली की अर्धं दही ओट्यावर उडालं.

"नाहीच होणार माझ्याच्याने," ती म्हणाली. डोळ्यांत पाणी आलं आणि ते तिने लपवलं नाही. "जा बाई. उशीर होईल."

नरेंद्रांनी गॅस बारीक केला. "थांब. पूजेला मी बसतो तेव्हा तू माझ्या हाताला हात लावतेस ना? इतकी वर्षं तू लावलास, आज मी लावतो. मग तुझ्या एकटीचं नाही, दोघांचं दही." आणि त्यांनी तिच्या उजव्या दंडावर, पट्ट्यापाशी, हात ठेवला. मावशीने चमचा परत आवळला.

"अगं, केवढं थरथरतंय हे!" ते दचकले.

"छे! काही थरथरत नाहीये. आवाज कुठे येतोय?"

आपण काय बोललो ते मावशीने स्वतःच ऐकलं. मग डाव्या हाताने तिने एक्झॉस्टचं बटण बंद केलं. घर एकदम शांत झालं, आणि त्या शांततेत पट्ट्याची गुणगुण स्पष्ट ऐकू आली. तिने फॅन लावला. गुणगुण गेली. परत बंद केला. परत आली.

"आरोही!" ती ओरडलीच. "मला जाणवत नव्हतं गं, मी ऐकत होते! तुझी खोली शांत, म्हणून तिथे जमत होतं. अपघातानंतर या दंडावर मांडीची कातडी लावलीये, तिला संवेदना कुठली? आणि मी डॉक्टर असून तुला 'जाणवतंय की' म्हणाले!" ती इतकी हसली की नरेंद्रांना खुर्ची पुढे करावी लागली.

आरोहीने पट्ट्याला हात लावून बघितला. "ओ माय गॉड. आम्ही लॅबमध्ये सगळ्यांना पट्टा दंडावरच बांधतो. शांत खोलीत. कोणी ऐकतोय की फील करतोय, हे चेकच केलं नाही. मावशी, माझ्या सगळ्या रीडिंग्ज..."

"त्यांच्यासाठी नंतर रड. आधी हात पुढे कर. आणि कोणी बोलू नका."

कोणी बोललं नाही. भाजीसुद्धा गप्प बसली म्हणायची. मावशीने मान कलती करून पट्ट्याची गुणगुण ऐकली. बारीक, थोडी मोठी, बास. नरेंद्रांचा हात दंडावर होताच. चमचा डुगडुगत वाटीतून निघाला, वाटेत एक थेंब सांडला, आणि उरलेलं दही आरोहीच्या तळव्यावर उतरलं. पोरीने ते चाटलं आणि मावशीच्या गळ्यात पडली. वर्षभराचं दही तिने त्या एका घासात खाल्लं.

मग मावशीने स्वतःच तो रबरी हात सोडवला आणि पेटी मागितली.

"मी प्रोफेसरना मेल करते," आरोही म्हणाली. "अजून महिनाभर ठेवून घेऊ. जमलंय आता तुला."

"फॅन बंद करून जमलंय. उद्या मी मंडळात बसले की सगळ्यांना गप्प बसा म्हणून सांगू? शरयू गप्प बसेल?" मावशीने पट्टा गुंडाळून पेटीत ठेवला. "हे मार्क मी नाकारते. पट्टा कुठे बांधायचा ते नीट शोधा, पाठीवर, मानेवर, जिथे माझी स्वतःची कातडी आहे तिथे. मी परत बसेन."

पेटीत हात उताणा पडला होता, बोटं अर्धवट उघडी. आरोही झाकण लावणार, तेवढ्यात मावशीने तिला थांबवलं. वाटीत चमचा बुडवला आणि त्या राखाडी रबराच्या तळव्यावर दह्याचा एक टिपका ठेवला.

"मावशी! आत मोटर आहे!"

"पुसून घे मग. पण लांब चाललाय तोही. परत यायला हवा ना?"

आरोहीने टिश्यूने तळवा पुसला, अगदी हळू. गाडी निघाली. "येते गं!" खिडकीतून आवाज आला. मावशी दारात उभी राहून कोपऱ्यापर्यंत बघत राहिली. आत येऊन तिने वाटी विसळायला घेतली, तेव्हा कुठे तिच्या लक्षात आलं की तो शेवटचा चमचा तिने डाव्या हाताने दिला होता.