चौकटीपलीकडे बाटली

ट्रे : चपला, पर्स, झोळी (बक्कल अडकलेली)

"अहो बाई, बाळ ट्रेमध्ये नाही ठेवायचं!"

"ठेवत नाहीये हो, नुसतं टेकवतेय! झोळीचं बक्कल निघत नाहीये."

रांगेतले लोक हसले. मावशीही हसली. सकाळपासून तिला सगळ्याचंच हसू येत होतं. आपोआप उघडणाऱ्या दारांचं, चाकांच्या बॅगा ओढत पळणाऱ्या सुटाबुटातल्या माणसांचं, चप्पल काढून हातात धरायला लावणाऱ्या या दिमाखदार जागेचं. उभी हयात तिनं शहर बसमध्ये कंडक्टरकी केली होती. दांडीला रेलून, गर्दीत कोपरं मारत, "पुढे सरका, पुढे जागा आहे" असं ओरडत. आज पुढे सरकायची पाळी तिची होती, आणि पुढे जागा होती ती थेट ढगात.

बक्कल सुटलं. झोळी ट्रेमध्ये गेली. मावशीच्या खांद्यावर राहिला भोंगा.

भोंगा म्हणजे मुलगी. तिला खरं, चांगलं नाव होतं, पण घरी आली त्याच दिवशी तिनं असा काही सूर लावला की वरच्या मजल्यावरचे लोक काय जळतंय ते बघायला खाली आले. तेव्हापासून भोंगा.

"द्रवपदार्थ काही?"

"आहे ना! बाळाचं दूध. ही बाटली वेगळी काढून ठेवलीये, हा थर्मास, त्यात उकळलेलं पाणी, ही डब्यात पावडर." मावशीनं एका दमात सांगून टाकलं. पाठ केलेलं सगळं बिनचूक आलं म्हणून ती स्वतःवरच खूश झाली.

बाटली पट्ट्यावरून गेली. निळ्या टोपणाची, एका बाजूला दबलेली. या एकाच बाटलीनं भोंगा दूध प्यायची. दुसरी कुठलीही तोंडाला लावली की तिच्या तोंडून भोंगा.

इथे पट्टा थांबवू. जरा उलटा फिरवू.


ट्रे : भाजी निवडायची परात

भोंगा मावशीची नव्हे, तिच्या धाकट्या बहिणीची. धाकटी नर्स. बाळंतपण उरकतं न उरकतं तोच तिला लांबच्या शहरातल्या मोठ्या हॉस्पिटलात नोकरी लागली. नवरा जहाजावर, बाळ हातात. "ताई, पाळणाघरात जागा मिळेपर्यंतच गं," असं म्हणून तिनं मूठभर जीव मावशीच्या ओटीत टाकला आणि मागे न बघता गेली. मागे बघितलं असतं तर गेली नसती, हे मावशीला कळत होतं.

जागा मिळायला भोंग्याला दात यायची वेळ झाली.

"ताई, रजा मिळत नाहीये. तूच घेऊन ये ना."

"येते की! विमानानं?"

"विमानानं."

मावशीनं फोन कानापासून लांब धरून एक गिरकी घेतली. पुन्हा कानाला लावला तेव्हा पलीकडचा आवाज बदललेला होता.

"ताई, परवा व्हिडिओवर मला बघून रडली ती. मी हातात घेतलं आणि अशीच रडली तर?"

"काहीतरीच काय!" मावशी म्हणाली. पण तिनंही ते बघितलं होतं.

मावशीचे यजमान शाळेत कवायत शिकवायचे. सगळी गल्ली त्यांना ड्रिलसर म्हणे, आणि रागावली की मावशीसुद्धा. विमानाच्या दिवशी शाळेत क्रीडामहोत्सव, त्यामुळे ते जाऊ शकत नव्हते. पण तालमीशिवाय कुणालाही मैदानात उतरवायचं त्यांच्या रक्तातच नव्हतं.

जेवणाचं टेबल म्हणजे पट्टा. परात म्हणजे ट्रे. झोपायच्या खोलीची चौकट म्हणजे ते यंत्र, ज्यातून चालत जायचं असतं. चौकटीपलीकडे ड्रिलसर, हातात टॉर्च, गळ्यात शिट्टी.

"बाटलीत काय आहे?"

"दूध."

"कशावरून?"

"पिऊन बघा."

"उद्धट उत्तर. पुन्हा!"

मावशी बाळ घेऊन मागच्या पावली टेबलापाशी. पुन्हा परात, पुन्हा चौकट, पुन्हा टॉर्च डोक्यापासून पायापर्यंत.

"अहो, शिट्टी कशाला? तिथे काय शिट्टी वाजवतात?"

"वाजवली तर? दचकायला नको."

"मी बसमध्ये होते हो. शिट्टीला मी दचकेन?"

"तू नाही. ती."

भोंगा दचकायची नाही. तिला या खेळाची गोडी लागली होती, कारण तालीम बिनचूक झाली की चौकटीपलीकडे तिला बाटली मिळायची. बक्षीस. नाहीतर ती कशाला ऐकते? काही दिवसांत अशी गत झाली की टॉर्च पायापर्यंत पोचला की ती आपसूक 'आ' करायची. आणि "पुन्हा!" म्हटलं की तोंड मिटून, गंभीर चेहऱ्यानं, नव्यानं चौकट यायची वाट बघायची.

"शिस्त बघ," ड्रिलसर म्हणायचे. "माझ्या सातवीच्या वर्गाला नाही एवढी."

आपण नक्की काय शिकवून ठेवलंय हे दोघांपैकी एकाच्याही ध्यानात आलं नाही.


ट्रे : बाटली (बाजूला काढलेली)

मावशी खऱ्या चौकटीतून गेली. पलीकडे उभ्या गार्डबाई, पांढरे केस घट्ट बांधलेल्या, अंगानं भरदार. त्यांनी काळा दांडा डोक्यापासून पायापर्यंत फिरवला.

भोंग्यानं 'आ' केलं.

"अगं बाई! किती गोड," गार्डबाई म्हणाल्या.

मावशीला एकदम बाटली आठवली. तिनं पट्ट्याकडे बघितलं. झोळी आली, पर्स आली, चपला आल्या. बाटली दुसऱ्याच रांगेत गेली होती, एका चष्मेवाल्याच्या हातात.

"ही तपासावी लागेल. यंत्र आत्ताच सुरू केलंय, थोडं थांबा."

"थोडं म्हणजे?"

"थोडं म्हणजे थोडं, बाई."

'आ' अजून उघडाच होता. मग हनुवटी थरथरली. मग खालचा ओठ बाहेर आला. आणि मग भोंगा झाला. असा झाला की पलीकडच्या रांगांतून माना वळल्या आणि एक बॅग कुणाच्या तरी हातातून खाली पडली.

"भूक लागलीये का तिला?" गार्डबाईंना ओरडूनच विचारावं लागलं.

"नाही हो! तिला वाटतंय झालं सगळं! आमच्याकडे चौकट झाली, टॉर्च झाला, की बाटली मिळते!"

"कुठे मिळते?"

"घरी! तालीम केली होती!"

गार्डबाईंचा दांडा हवेतच थांबला. "ह्याची? तालीम?"

"ह्याचीच."

"कुणी घेतली?"

"आमच्या ह्यांनी. शिट्टीसकट."

गार्डबाईंना हसू आवरेना, पण तोंड झाकावं तर कान झाकायला हात हवे होते. मावशीला हसायला सुचत नव्हतं. पोर इथेच अशी पेटली, तर विमानात झोपणार नाही, घशाला कोरड पडणार, आणि तिकडे धाकटी दारात उभी असेल तेव्हा तिला पहिल्यांदा दिसेल ते हेच, किंचाळणारं, लालबुंद, परकं तोंड. नेमकं तेच, ज्याच्या भीतीनं ती रात्र रात्र जागी असते.

आणि मग मावशीला ड्रिलसरांचा शब्द आठवला.

"बाई, मला उलटं जाऊ द्या. चौकटीतून मागे. परत येते."

"उलटं जायची परवानगी नाही."

भोंगा आणखी चढला.

"जा," गार्डबाई म्हणाल्या. "माझ्या नजरेसमोरून हलू नका म्हणजे झालं."

"पुन्हा!" मावशी भोंग्याच्या कानात ठणकावून म्हणाली आणि मागच्या पावली चौकटीतून बाहेर आली.

शांतता. भोंग्यानं तोंड मिटलं. पापण्यांवर पाणी, चेहरा गंभीर.

रांगेतले आजोबा, एका हातात काढलेला पट्टा आणि दुसऱ्या हातानं पँट सावरलेली, त्यांनी डोळे विस्फारले. "बंद झाली की!"

मावशी पुन्हा आत. दांडा वरून खाली. 'आ'. बाटली अजून नाही.

"पुन्हा!" या वेळी गार्डबाईच म्हणाल्या.

मावशी मागे. मावशी पुढे. दांडा. 'आ'. "पुन्हा!" आता आजोबाही ओरडले, त्यांच्यामागची कॉलेजातली मुलंही ओरडली. कुणी वैतागलं असेल तर ते ऐकू आलं नाही. मावशीला घाम फुटला होता, केस सुटले होते, आणि तरी आतून काहीतरी उकळ्या फुटल्यासारखं वर येत होतं. गर्दीच्या बसमध्ये सगळ्यांची तिकिटं फाडून झाल्यावर घंटीची दोरी ओढताना यायचं, तसं.

"झालं! नुसतं दूधच आहे!" चष्मेवाला बाटली उंच धरून पळत आला.

"अजून एकदा," मावशी धापा टाकत म्हणाली. "नीट संपवू द्या तिला."

शेवटची चौकट. शेवटचा दांडा, पायाच्या बोटांपर्यंत, अगदी सावकाश. 'आ'. गार्डबाईंनी स्वतःच्या हातानं बाटली तोंडात दिली.

"घे गं बये. पास झालीस."

टाळ्या पडल्या. आजोबांनीही वाजवल्या, आणि लगेच पँट धरली.


ट्रे : विमानातला, समोरच्या खुर्चीला लावलेला

ढग खरंच खाली होते. मावशीनं ते भोंग्याला दाखवले, शेजारणीला दाखवले, मग परत भोंग्याला. "बघ, बघ, बघ!"

उतरायच्या थोडं आधी तिनं त्या चिमुकल्या टेबलावर थर्मासातलं पाणी आणि पावडर घालून बाटली नव्यानं भरली. भोंग्यानं हात पुढे केले. मावशीनं बाटली ओढणीखाली लपवली.

"थांब. अजून एक चौकट राहिलीये."


ट्रे नाही

बाहेर जायचं दार काचेचं होतं. पलीकडे धाकटी उभी होती, ड्यूटीवरून तशीच आलेली, नर्सच्या कपड्यांत. हातात खुळखुळा. ती पुढे येत नव्हती, खुळखुळा वाजवतही नव्हती.

"तिथेच थांब!" मावशी ओरडली. "हात पुढे कर!"

"ताई, आधी जरा तिला..."

"बोलू नको. हात!"

दार सरकलं. मावशीनं चौकट ओलांडली, भोंग्याला धाकटीच्या हातांत ठेवलं आणि बाटली तिच्या मुठीत कोंबली. भोंगा नव्या चेहऱ्याकडे बघत राहिली. कपाळ, नाक, डोळे. मग तिनं 'आ' केलं.

"दे ना! बघतेस काय?"

धाकटीनं बाटली टेकवली, ती बरोबर लागली. भोंगा पिऊ लागली. एका मुठीत अजून मावशीच्या ओढणीचं टोक होतं. मग तिला बाटली दोन्ही हातांनी धरावीशी वाटली.

ओढणी खाली पडली.

"ताई," धाकटी पुटपुटली, जणू मोठ्यानं बोललं तर फुटेल. "रडली नाही."

"कशाला रडेल? तिची तालीम झालीये."

"कसली तालीम?"

"सांगते नंतर," मावशी म्हणाली. "पुढे सरक. मागे लोक खोळंबलेत."


ट्रे : पर्स

ड्रिलसरांचा फोन आला तेव्हा मावशी परतीच्या रांगेत होती. बाटली, थर्मास, झोळी, सगळं धाकटीकडे राहिलं होतं. तिनं त्यांना 'पुन्हा'ची सगळी हकिकत सांगितली, गार्डबाईंच्या आवाजासकट, आजोबांच्या पँटीसकट. ते इतके हसले की त्यांना खोकला लागला. मग थांबले.

"अगं, परतीची तालीम राहिलीच की आपली."

"राहू दे हो. परत येताना काय असतं?"

इथली गार्ड दुसरी होती, कामात गढलेली. पर्स पट्ट्यावरून निघून गेली. मावशी चौकटीतून आली आणि नीट सरळ उभी राहिली.

"बाई, हात मोकळे सोडा."

"मोकळेच आहेत," मावशी म्हणाली आणि खाली बघितलं.

डावा हात कोपरात वाकलेला होता. उजवा त्याच्या जरा वर, पसरलेला, कुणाची तरी मान सावरल्यासारखा.

तिनं आधी उजवा सोडला. मग डावा. गार्डनं दांडा डोक्यापासून पायापर्यंत फिरवला. तो कुठेही वाजला नाही.