दुसरा आग्रह

अमेरिकेची कॉफी आपल्याइतकी कळलेली बाई नेदरलँड्समधल्या अख्ख्या ब्रेडा शहरात नाही, असं नीलांबरीचं स्वतःबद्दल मत होतं आणि ते फारसं चुकीचंही नव्हतं. नवरा जयप्रकाश सॉफ्टवेअरच्या प्रोजेक्टमागे फिरला आणि ही त्याच्यामागे. ओहायो, टेक्सस, ओरेगन. वर्क परमिट हातात आल्यापासून प्रत्येक गावात खोकी उघडायच्या आत ही कुठल्यातरी कॉफीच्या दुकानात कामाला लागलेली असायची. ही माणसं बादलीभर कॉफी पितात ती कशी आणि का, हे तिला जवळून बघायचं होतं. सहा वर्षांत चार दुकानं पालथी घातल्यावर तिचा निष्कर्ष पक्का झाला: अमेरिका म्हणजे पंगत. हायवेवरच्या डायनरमध्ये बाई कॉफीचं भांडं घेऊन टेबलांमधून फिरते, कप अर्धा झाला की न विचारता भरते, वर 'हनी' म्हणते. आपल्याकडे मठ्ठा वाढतात तो याहून वेगळा काय असतो?

मग प्रोजेक्ट आला नेदरलँड्सला. इथली कॉफी म्हणजे बोटभर कप, बशीत एकुलतं एक बिस्किट, संपला विषय. नीलांबरीने दोन वर्षं अर्ज केले आणि दोन वर्षं घरात बसली. शेवटी स्टेशनजवळ कॅफे चालवणाऱ्या हनेकेने तिला बोलावलं. हनेकेला दर शनिवारी अमेरिकन कॉफी ठेवायची होती: मोठे मग, हवं तेवढं पुन्हा भरून. एक शनिवार बघू, जमलं तर पुढे ठरवू, असं तिने इंग्रजीत सांगितलं होतं.

"हे मला मिळालंच पाहिजे रे," नीलांबरी सकाळी जयप्रकाशला म्हणाली. "नाहीतर मी या घरातल्या भिंतींशी बोलायला लागेन."

"लागलीयेस ऑलरेडी," जयप्रकाश म्हणाला.

पहिल्याच टेबलावरची बाई "नको, थँक्यू" म्हणाली. नीलांबरीने कौतुकाने हसून तिचा मग काठोकाठ भरला. बाईने हनेकेला बोलावून विचारलं, या जास्तीच्या कॉफीचं बिल कुणाच्या नावावर? दुसऱ्या टेबलावर एका जोडप्याने मग उचलून मांडीवर लपवले. नीलांबरीचा उत्साह वाढतच गेला.

खिडकीपाशी विलेम नावाचे आजोबा पेपर वाचत होते. भांडं जवळ येताना दिसलं, तसा त्यांनी मगावर तळहात ठेवला. आता पंगतीत पानावर आडवा हात आला की वाढप्याने काय करायचं असतं? थांबायचं. नीलांबरी थांबली. आजोबांनी वर बघितलं. ती हसली. ते हसले नाहीत. सगळा कॅफे बघत राहिला. अखेर पेपरचं पान उलटायला आजोबांनी हात उचलला आणि तिने धार सोडली.

"मी नको म्हणालो होतो," आजोबा म्हणाले.

"हो, बघितलं मी."

"मग?"

"पहिल्यांदा सगळेच म्हणतात हो!"

शेजारचं टेबल खो खो हसलं. आजोबांनी नाइलाजाने घोट घेतला. दुपारपर्यंत त्यांचे चार मग झाले होते आणि मांडीवर मग लपवणाऱ्या जोडप्याला ते आपल्या गुडघ्याच्या ऑपरेशनची हकिगत सांगत होते.

पाच वाजता हनेकेने दार लावलं. "कॉफी बरी आहे. माणसांचं तू अजिबात ऐकत नाहीस. पण आज लोक एकमेकांशी बोलले, ते मला आवडलं. दर शनिवारी कॅफे तू चालवशील?"

नीलांबरीला हेच तर हवं होतं. पण तोंडाला चव्वेचाळीस वर्षांचं वळण होतं. "छे छे, नको! मी कसली चालवतेय! तुमच्याकडे माझ्याहून चांगली माणसं असतील," असं म्हणून तिने मान खाली घातली आणि दुसऱ्या आग्रहाची वाट बघितली.

"ओके," हनेके म्हणाली. "वाईट वाटलं. पण स्पष्ट सांगितलंस, बरं झालं."

हनेकेने दिवे मालवले. नीलांबरीला वाटलं, कोट घालताना विचारेल. नाही विचारलं. कुलूप लावताना? नाही. हनेकेने छान हात हलवला आणि सायकल हाणली.

नीलांबरी एप्रनसकट धावली. नशिबाने सिग्नल लाल होता.

"हो!" ती धापा टाकत ओरडली. "मला पाहिजे! शनिवार पाहिजे मला! घरात बसून जीव नकोसा झालाय माझा!"

हनेकेने पाय टेकवला. "मग नको का म्हणालीस?"

"तुम्ही परत विचाराल असं वाटलं."

हनेकेने हे अगदी गंभीरपणे ऐकून घेतलं. "किती वेळा विचारायचं असतं?"

"तीनदा."

सिग्नल हिरवा झाला. हनेके हलली नाही. "कॅफे चालवशील?"

"हो!"

"कॅफे चालवशील?"

"अहो, हो म्हटलं ना!"

मागे सायकलींची रांग लागली, घंट्या वाजायला लागल्या. हनेकेने शांतपणे तिसऱ्यांदा विचारलं. पण तोपर्यंत नीलांबरीला रडू फुटलं होतं, कारण या देशात आजच्या आधी दोन वर्षांत तिला कुणी काही एकदाही विचारलं नव्हतं.