आखाजीची गोणी

मी एक जुना वाफा आहे. साधासुधा नाही हं, गादीवाफा! जमिनीपासून चांगला हातभर उंच, चारी बाजूंनी विटा आणि मध्ये बोट घातलं तर पेरभर आत जाईल अशी भुसभुशीत काळी माती. पण मित्रांनो, आज तुम्ही मला शोधत पाचोऱ्याला आलात, तर मी दिसणार नाही. मी त्याच जागी आहे. फक्त माझ्या छाताडावर चार बोटं सिमेंटचा कोबा आहे आणि कोब्यावर सहा खुर्च्या.

माझा जन्म १९८४ सालच्या आखाजीचा, म्हणजे अक्षय्य तृतीयेचा. आखाजीला सासुरवाशिणी माहेरी जातात, झोके घेतात आणि निघताना भाऊ साडी देतो, हे काय मी तुम्हाला सांगायला हवं? माझ्या द्रौपदाबाईचं माहेर एदलाबादकडचं, केळी-कपाशीचं. तिच्या धाकट्या भावाने, लोटनने, विचारलं, "अक्का, यंदा कोणत्या रंगाची घेऊ?"

ती म्हणाली, "साडी नको भाऊ. तुह्या वावरातली माती दे."

लोटन आधी हसला. मग तिचं तोंड पाहून त्याने चार गोण्या माती केळीच्या ट्रकमध्ये चढवली.

तिच्या घरामागची जमीन पांढरी, मोरीचं पाणी साचणारी. वांग्याचे पाय ओले राहिले की वांगं मेलंच समजा. म्हणून तिने न्हाणी बांधून उरलेल्या विटा रचल्या आणि मला उंचावर बसवलं. शेजारच्या झुंबरबाईने कुंपणावरून टोमणा मारलाच, "बठ्ठं वावरच लई उनी का वं तू?" म्हणजे, अख्खं शेतच घेऊन आलीस का!

"बठ्ठं कुठलं," द्रौपदाबाई म्हणाली. "माह्या वाट्याचं तेवढं."

मग काय विचारता! भरताची हिरवी वांगी धरली, एकेक तान्ह्या पोराच्या डोक्याएवढं. कडेने मिरची, पायाशी मेथी, मधल्या फटीत कोथिंबीर. टोमणे मारणारी झुंबरबाईच चंपाषष्ठीला वांगी भाजायला कपाशीच्या काड्या पेटवून पहिली हजर असायची. दरवर्षी आखाजीला लोटन बहिणीला न्यायला यायचा, तो खांद्यावर एक ताजी गोणी घेऊनच. माझी भूक त्याला ठाऊक होती.

द्रौपदाबाईचे यजमान मोतीलाल. कचेरीत कारकून, कपडे कडक इस्त्रीचे. चपलेला माती लागते म्हणून मागच्या दारी फिरकायचे नाहीत. सहा वर्षांत त्यांनी मला तांब्याभर पाणी घातलं असेल, तर मला वाफा नव्हे, उकिरडा म्हणा!

मग १९९० साली गावातल्या एका मंडळाने परसबागेची स्पर्धा ठेवली. अर्जावर कुटुंबप्रमुखाचं नाव हवं होतं. मोतीलालांनी ते सुंदर अक्षरात लिहिलं. परीक्षक आले, माझ्याभोवती फिरले आणि त्यांनी विचारलं, पाणी किती दिवसांनी देता?

मोतीलाल म्हणाले, सकाळ-संध्याकाळ, रोज.

अहो, रोज! मी तर आठ दिवसांत कुजलो असतो. चहाचा ट्रे धरून उभी असलेली द्रौपदाबाई खुदकन हसली आणि खरं सांगायला तिने तोंड उघडलं. तेवढ्यात मोतीलाल म्हणाले, "घरच्यांची थोडी मदत असते." परीक्षकांनी मान डोलावून चहा घेतला. तिने तोंड मिटलं. मित्रांनो, मी फुटभर अंतरावर होतो. ते मिटताना मी पाहिलं आहे.

पहिला नंबर आला. भिंतीवरचं घड्याळ मिळालं, त्यावर मोतीलालांचं नाव. माझं वांगं हातात धरून त्यांचा फोटो निघाला. आणि मंडळाने त्यांना परसबाग समितीचं सचिव केलं. आता सचिव म्हटल्यावर बैठका आल्या. बैठका म्हणजे माणसं आली, आणि माणसं बसवायला जागा हवी. घरात जागा नव्हती.

ओळखलंत ना? बागेवर बोलायला येणाऱ्यांसाठी बाग काढायची ठरली.

गवंडी आला, त्या दिवशी द्रौपदाबाई माझ्यासमोर उभी राहिली. एरवी ती नवऱ्यापुढे बोलायची नाही. "सगळं अंगण घ्या," ती म्हणाली. "एवढा एक वाफा राहू द्या. माह्या भावाची माती आहे."

"अगं, फोटो आहे ना भिंतीवर," मोतीलाल म्हणाले. रागावून नव्हे हं. अगदी समजूत घालावी तसं.

विटा उपटल्या. झाडं उपटली, त्यांत तीन वांग्यांना फुलं होती. माती पसरून धुम्मसाने ठोकली आणि वरून कोबा ओतला.

पुढच्या आखाजीला लोटन आला. नेहमीसारखा मागच्या दारानेच, खांद्यावर गोणी. कोब्यावर येऊन थबकला. "अक्का, माती कोठे टाकू?"

खुर्चीवरून मोतीलाल म्हणाले, "लोटनराव, गोणी बाहेर ठेवा. कोब्याला डाग पडतील."

द्रौपदाबाईने गोणीच्या तोंडाची दोरी आणखी आवळली. मग म्हणाली, "परत घेऊन जा, भाऊ. यंदा साडीच दे."

"कोणत्या रंगाची?"

"कोणताही चालंल."

मित्रांनो, आणि मैत्रिणींनो तुम्हीसुद्धा, कोबा फोडून मला बाहेर काढा, असं मी म्हणत नाही. मला आता सवय झाली आहे. पण कुणाच्या घरी भाजी आवडली, तर ती कुणी लावली ते विचारा. आणि विचारल्यावर ट्रे धरून उभी असलेली बाई तोंड उघडत असेल, तर चहा घ्यायची घाई करू नका.