पाहुण्यांचा संडास

जिन्याखालच्या बोळात शिरण्याआधी इरावतीबाई ओढणी नाकाला लावत. मुलुंडच्या त्या शाळेत त्या मराठी शिकवत आणि आठवी 'ब'च्या वर्गशिक्षिकाही होत्या. बोळाच्या एका टोकाला मुलांचं प्रसाधनगृह होतं, दुसऱ्या टोकाला मुलींचं, आणि दोन्हीकडचा वास अधल्यामधल्या जागी येऊन एकमेकांना भेटायचा. 'प्रसाधनगृह' हा शब्द पाटीवर होता. तिथे प्रसाधन करायला जाणारा माणूस अजून जन्माला यायचा होता. मुलांच्या बाजूला कडीच्या जागी सुतळी होती. मुलींच्या बाजूला एक नळ सतत गळत असे आणि दुसऱ्याला कधीच पाणी येत नसे. लाद्या मूळच्या कुठल्या रंगाच्या होत्या हे सांगणं कठीण होतं. बाईंना त्या जागेची शिसारी होती आणि त्या ती लपवतही नसत. डबा खाऊन झाल्यावर त्या बोळातून जायची वेळ आली तर त्या लांबचा वळसा घेऊन जात.

पण त्याच बोळाच्या मधोमध एक तिसरं दार होतं. पिस्ता रंगाचं, कोरं करकरीत. वर स्टीलची चकचकीत पाटी, 'सर्वांसाठी'. आणि खाली पितळी कुलूप.

ही सगळी नानांची करणी. नाना म्हणजे शाळा चालवणाऱ्या संस्थेचे अध्यक्ष. बाहेरची एक संस्था दरवर्षी 'समावेशक शाळा' असा पुरस्कार देते, हे त्यांना कुठूनसं कळलं आणि त्यांनी मनावर घेतलं. मुलगा-मुलगी भेद मोडायचा म्हणून जूनपासून सगळ्यांना एकच गणवेश आला, आकाशी शर्ट आणि गडद निळी पँट. इरावतीबाईंना तो मनापासून आवडला होता. स्कर्ट सावरत जिना चढणाऱ्या मुली दोन-दोन पायऱ्या टाकू लागल्या, हे त्यांनी डोळ्यांनी पाहिलं होतं. मग पंधरा ऑगस्टला झेंडावंदन उरकून या तिसऱ्या दाराचं उद्घाटन झालं. कुणीही, काहीही न विचारता जावं, अशी जागा. संडासाच्या उंबरठ्यावर नारळ फुटलेला बाईंनी आयुष्यात प्रथमच पाहिला. वर त्याच खोबऱ्याचे तुकडे प्रसाद म्हणून वाटले गेले. बाईंनी आपला तुकडा मुठीत धरला आणि कुणाचं लक्ष नाही असं बघून कुंडीत टाकला.

त्याच दुपारी दाराला कुलूप लागलं. किल्ली मुख्याध्यापिका सुलक्षणाबाईंच्या खुर्चीमागच्या खिळ्याला गेली. कारण विचारलं तर सुलक्षणाबाई निरागसपणे म्हणाल्या, मुलांच्या हाती दिला तर आठवड्यात खराब होईल ना.

यात त्यांचं एकटीचं काय चुकलं म्हणा. आपल्याकडे घरोघरी काचेच्या कपाटात चांगले कप ठेवलेले असतात. घरची माणसं कान तुटलेल्या कपातून चहा पितात आणि चांगले कप पाहुण्यांची वाट बघत पिवळे पडतात. कपांचं एक वेळ ठीक आहे. पण संडास? तो राखून ठेवायची बुद्धी ज्यांना होते त्यांच्या घरी काय काय राखून ठेवलेलं असेल, हा विचारही इरावतीबाईंना नकोसा वाटे.

त्यांच्या वर्गात अपूर्वा होती. केस बारीक कापलेले, आवाज जरासा घोगरा, कबड्डीत तीन जणांना ओढत रेषेपर्यंत नेणारी, एरवी मितभाषी. नव्या गणवेशाने सगळ्यात जास्त खूश झालेलं पोर हेच. पण गणवेश एक झाला तरी बोळाची टोकं दोनच राहिली. जूनमध्येच मुलींच्या बाजूला बसणाऱ्या नव्या मावशींनी तिला कॉलर धरून बाहेर खेचलं, मुलींच्यात मुलगा शिरला म्हणून. मावशींना चूक कळली तेव्हा त्या हसल्या. मुली तर हसून हसून लोळल्या. पुढे तो खेळच झाला. अपूर्वा आत आली की आतून आरडाओरडा, 'मुलगा आला, मुलगा आला.' एकदा ती वैतागून मुलांच्या बाजूला गेली, तर दोघांनी सुतळी ओढून दार उघडलं. इकडे आड, तिकडे विहीर. त्यानंतर ती कुठेच जाईनाशी झाली.

बाईंच्या हे लक्षात आलं ते बाटलीवरून. मधल्या सुट्टीत सगळ्यांच्या बाटल्या रिकाम्या होऊन कूलरसमोर झुंबड उडे, आणि अपूर्वाची बाटली बाकावर गळ्यापर्यंत भरलेली. विचारलं की ठरलेलं उत्तर, तहान लागत नाही, बाई. इरावतीबाईंना ते उत्तर ओळखीचं वाटलं. शाळेतल्या निम्म्या शिक्षिका पाणी पीत नसत. त्यांना स्वतःलाही घरी पोचेपर्यंत कळ काढायची सवय होती, आणि त्या सवयीलाच आपण शिस्त समजत आलो, याची त्यांना आता चीड येऊ लागली होती.

दिवाळीनंतर अपूर्वाची आई शाळेत आली. प्रियंका नाव. भांडुपला राहायची, अंधेरीच्या एका पॅथॉलॉजी लॅबमध्ये कामाला होती. अर्धी रजा टाकून आली होती. रडली वगैरे नाही. अपूर्वाला दुसऱ्यांदा इन्फेक्शन झालंय, रात्री तापाने फणफणते, असंच दुखणं वाढत गेलं तर किडनीपर्यंत जाईल असं डॉक्टरांनी बजावलंय, हे तिने सरळ सांगितलं.

"बाई, मी दिवसभर लोकांच्या लघवीचे रिपोर्ट काढते," ती म्हणाली, "आणि माझ्याच पोरीला ती करायला जागा नाही. तुमच्याकडे एक नवीन बांधलाय ना? त्याची चावी द्या. बाकी काही नको मला."

मागणी एवढीच होती. इरावतीबाई तशाच उठून सुलक्षणाबाईंच्या खोलीत गेल्या. किल्ली समोर खिळ्याला लटकत होती. सुलक्षणाबाईंनी खूप समजावून सांगितलं. एकीला दिली की सगळे मागतील, मग साफ कोण करणार, नाना काय म्हणतील, आणि जानेवारीत पुरस्काराची समिती येतेय, तोवर तरी तो नवा दिसायला हवा, नंतर बघू. मग बाईंनी अपूर्वाला शिक्षकांच्या संडासात पाठवून पाहिलं. दुसऱ्याच दिवशी स्टाफरूममध्ये कुजबुज सुरू झाली आणि तिसऱ्या दिवशी दाराला नोटीस लागली, विद्यार्थ्यांना प्रवेश नाही. नोटिशीतलं वळणदार अक्षर चित्रकलेच्या सरांचं होतं. ज्यांच्याबरोबर आपण इतकी वर्षं एकाच टेबलावर डबा खाल्ला ती ही माणसं, असं बाईंना वाटलं, आणि त्या दिवशी त्यांनी डबा उघडलाच नाही.

जानेवारीत समिती आली.

शाळेच्या मागच्या अंगणात मांडव उभा राहिला. अंगणाला नानांनी वडिलांच्या स्मरणार्थ नव्या लाद्या बसवल्या होत्या, दुधासारख्या पांढऱ्या. त्यावर मोठी रांगोळी काढली होती. पिस्ता दाराच्या मागची भिंत याच अंगणात येत होती, आणि त्या भिंतीतून एक जाडा पाइप हातभर बाहेर आलेला होता. तो ओंगळ दिसू नये म्हणून त्याच्या तोंडात कुणीतरी मनीप्लांट खोचला होता. काय एकेकाची रसिकता, असं मनाशी म्हणत इरावतीबाई पुढे गेल्या.

आणि बोळात शिरताच जागच्या जागी थांबल्या. तिसरं दार सताड उघडं होतं. आत टॉवेल, सुगंधी साबण, प्लास्टिकची गुलाबं. आणि दाराशी, हातात पुष्पगुच्छ देऊन, अपूर्वाला उभं केलेलं होतं.

सुलक्षणाबाईंनीच तिला निवडलं होतं. "तिचे केस तसे आहेत ना," त्यांनी इरावतीबाईंच्या कानाशी लागून सांगितलं, "फोटोत बरं दिसेल."

ज्या पोरीला इतके महिने या दाराबाहेर ठेवलं, तिलाच त्याच दाराचं तोरण करून टांगलं होतं. नाव मोठं लक्षण खोटं ही म्हणसुद्धा या माणसांना कमीच पडली असती.

समितीच्या प्रमुख क्षमाताई होत्या, साध्या, हसऱ्या बाई. त्यांच्याबरोबर आणखी दोघं होते. नानांनी त्यांना साबणापासून गुलाबांपर्यंत सगळं दाखवलं आणि आमची मुलं हा रोज वापरतात हो, असं दोन-दोनदा सांगितलं. फोटो निघाले. छान वाटतं ना बाळा, असं क्षमाताईंनी विचारल्यावर अपूर्वाने मान हलवली. ती सकाळपासून उभी होती. पाय एकमेकांवर घट्ट दाबलेले, वरच्या ओठावर घामाचे थेंब. पाहुण्यांकडे कुणी बघत असेल तर असेल, इरावतीबाई तिच्याकडे बघत होत्या.

सगळे भाषणांसाठी अंगणात गेले. राजाराम शिपाई कुलूप घेऊन आलाच. त्याला तसा हुकूमच होता.

"थांब," इरावतीबाई म्हणाल्या, "मला जायचंय."

राजाराम गोंधळला. बाईंनी त्याच्या हातातून कुलूप आणि किल्ली दोन्ही घेतली, मी लावते, तू मांडवात जा, असं सांगून त्याला पिटाळलं. तो वळल्यावर त्यांनी अपूर्वाच्या हातातला पुष्पगुच्छ काढून घेतला आणि तिला आत ढकललं. आतून कडी लागल्याचा आवाज आला. चांगली, घट्ट, कोरी कडी. बाई दाराला पाठ लावून उभ्या राहिल्या. बाहेर नानांचं भाषण चालू होतं. स्वच्छता हाच खरा संस्कार, असं काहीतरी ते माइकवरून सांगत होते. आत बराच वेळ धार पडत राहिली. एवढं पोर एवढं सगळं दिवसभर पोटात धरून बसतं, या विचाराने बाईंचे डोळे भरून आले. मग फ्लशचा मोठा घोंगाट झाला.

आणि पाठोपाठ अंगणात कुणीतरी किंचाळलं. माइक चिरकला. खुर्च्या सरकल्याचे आवाज आले.

काय झालं ते बाईंना क्षणात समजलं. तो मनीप्लांट. तो पाइप कुठेच जोडलेला नव्हता. गटारापर्यंत न्यायचा तर अंगणाच्या नव्या लाद्या फोडाव्या लागल्या असत्या, वडिलांच्या स्मरणार्थ बसवलेल्या, आणि नानांनी त्या फोडू दिल्या नव्हत्या. वापरायचाच नाही तर जोडायचा कशाला?

अपूर्वा बाहेर आली. तिचा चेहरा कितीतरी दिवसांनी सैल झाला होता. अंगणातला गलका ऐकून तो पुन्हा आवळू लागला.

"वर्गात जा," बाई म्हणाल्या. "तू इथे नव्हतीसच. आणि पाणी पी."

ती धावत जिना चढून गेल्यावर इरावतीबाई मागच्या दाराने अंगणात गेल्या. मनीप्लांट रांगोळीच्या मधोमध पडला होता. पांढऱ्या लाद्यांवरून पिवळट ओघळ रंग पसरत खुर्च्यांखाली शिरला होता. क्षमाताई साडी घोट्याच्या वर धरून उभ्या होत्या. नाना माइक हातात विसरून ओरडत होते, आत कोण होतं? आणि सुलक्षणाबाई भराभर नजर फिरवत म्हणत होत्या, ती आठवीतली, ती दाराशी उभी होती ती, बोलवा तिला.

"मी होते," इरावतीबाई म्हणाल्या.

सगळ्या माना त्यांच्याकडे वळल्या. राजारामने मान डोलावली. त्याने स्वतः ऐकलं होतं.

"माझं आहे ते. पाटीवर सर्वांसाठी लिहिलंय, म्हणून गेले."

शी, शी, असं कुणीतरी मागून म्हणालं. आवाज चित्रकलेच्या सरांचा वाटला. बाईंनी त्यांच्याकडे पाहिलंही नाही. लाज त्यांना वाटत होती, नाही असं नाही. कानाच्या पाळ्या पेटल्या होत्या. पण किळस लाजेपेक्षा मोठी होती. जमिनीवर पडलं होतं त्याची मात्र त्यांना किळस वाटत नव्हती.

क्षमाताईंनी एकदा पाइपाकडे पाहिलं, एकदा नानांकडे.

"मुलं हा रोज वापरतात म्हणालात," त्या शांतपणे म्हणाल्या. "मग रोज ते जातं कुठे?"

क्षमाताई चहा न घेता निघाल्या. मार्चमध्ये आपण पुन्हा येऊ आणि कळवून येणार नाही, एवढंच त्या जाताना म्हणाल्या.

पुढच्या आठवड्यात लाद्या फोडायचं काम सुरू झालं. नानांनी अंगणाकडे फिरकायचं टाकलं. किल्ली इरावतीबाईंच्या पर्समध्येच राहिली; ती परत मागायची तर त्यांच्याशी बोलावं लागलं असतं, आणि सुलक्षणाबाईंनी त्यांच्याशी बोलणंच टाकलं होतं. पाइप गटाराला जोडून झाला त्या दिवशी बाईंनी ते पितळी कुलूप कचऱ्याच्या डब्यात टाकलं.

शाळेत मात्र त्यांचं नाव झालं. 'धबधबा बाई.' जिन्यात, मैदानात, कुणीतरी पाठीमागून हळूच म्हणायचं आणि खसखस पिकायची. एका दुपारी त्या आठवी 'ब'वर गेल्या तर फळ्यावर चित्र तयार होतं. एक पाइप, त्यातून धो धो पाणी, आणि खाली ओढणीवाली बाई. वर्ग ओठ दाबून वाट बघत होता.

अपूर्वा उठली. लालबुंद झाली होती. डस्टर घेऊन फळ्यापाशी गेली आणि वर्गाकडे वळली. आता ही सगळं सांगून टाकणार, हे बाईंना दिसलं.

"राहू दे ते," त्या म्हणाल्या. "चित्र बरं आहे. बस खाली."

अपूर्वा हलेना.

"पाणी प्यायलीस?"

तिने बाकावरची बाटली उचलली, झाकण काढलं आणि सगळ्या वर्गासमोर उलटी धरली. एक थेंबही पडला नाही.